तुर्कीत गर्दी धावते तेव्हा: क्रियापदातला ‘श’ आणि अनेकवचनाचा ‘-लार’

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुर्की शिकताना ‘कोशमाक’ म्हणजे धावणं, ‘उचमाक’ म्हणजे उडणं, ‘ग्युलमेक’ म्हणजे हसणं हे पाठ झालं. पण गोष्टी आणि बातम्या वाचायला घेतल्या की ‘चोजुक्लार कोशुश्तु’, ‘मार्तिलार उचुशुयोर’, ‘ग्युल्युश्त्युलेर’ अशी रूपं समोर येतात. पुस्तक म्हणतं, हा मधला ‘श’ ‘एकमेकांना’ असा अर्थ देतो. मग मुलं ‘एकमेकांना धावली’ म्हणजे काय झालं? शिवाय कर्ता अनेकवचनी असूनही क्रियापदाला ‘-लार’ कधी लागतो, कधी लागत नाही, त्याचं गणित काय?

मी बरीच वर्षं मराठी भाषकांना तुर्की शिकवतो आहे आणि हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. इथे अडखळलेला माणूस पुढे व्याकरणशुद्ध तुर्की लिहितो, पण त्याच्या वाक्यांमध्ये माणसांचा घोळका कधी दिसतच नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबवतो.

आधी उच्चारांबद्दल दोन शब्द. तुर्कीत दोन ‘इ’ आहेत, एक टिंबवाली आणि एक बिनटिंबाची. बिनटिंबाची आपल्या ‘अ’च्या जवळची आहे, पण इथे मी दोन्ही ‘इ’नेच लिहितो. ओठांचा चंबू करून काढायचा ‘इ’ मी ‘यु’ असा लिहितो. ‘च’ आणि ‘ज’ हे ‘चहा’ आणि ‘जय’मधले. स्वरसंवादामुळे, म्हणजे प्रत्ययातला स्वर धातूतल्या स्वराशी जुळवून घेत असल्यामुळे, या प्रत्ययाची चार रूपं होतात. देवनागरीत ती ‘-इश’ (दोन्ही इकारांची), ‘-उश’ आणि ‘-युश’ अशी दिसतील. धातूच्या शेवटी स्वर असेल तर नुसता ‘-श’ लागतो: ‘बेक्ले-’ (वाट पाहणं) पासून ‘बेक्लेश-’, ‘मेले-’ (बें-बें करणं) पासून ‘मेलेश-’.

आता मूळ मुद्दा. तुर्की शाळेतल्या व्याकरणात या प्रयोगाला ‘इश्तेश’ म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार करतात. पहिला परस्परांचा: ‘बाकमाक’ (बघणं) वरून ‘बाकिशमाक’, म्हणजे एकमेकांकडे बघणं, ‘ओपमेक’ (चुंबन घेणं) वरून ‘ओप्युशमेक’, ‘दोवमेक’ (मारणं) वरून ‘दोव्युशमेक’, म्हणजे मारामारी करणं. दुसरा समूहाचा: ‘कोशुशमाक’, ‘उचुशमाक’, ‘काचिशमाक’ (पळ काढणं), ‘आलाशमाक’ (रडणं), ‘बारिशमाक’ (ओरडणं), ‘ओत्युशमेक’ (पक्ष्यांनी गाणं). परदेशी पुस्तकं बहुतेकदा पहिला प्रकार शिकवून थांबतात, आणि तुमचा गोंधळ तिथूनच सुरू झाला आहे.

कुठला प्रकार आहे हे ओळखायला एक खूण बऱ्याच अंशी पुरते. मूळ धातूची क्रिया दुसऱ्या कुणावर होत असेल, म्हणजे कुणाला तरी मारणं, कुणाकडे तरी बघणं, कुणाला तरी ढकलणं, तर ‘श’ लागल्यावर ती क्रिया परस्परांवर उलटते. मूळ क्रिया कुणावर होतच नसेल, म्हणजे धावणं, उडणं, हसणं, रडणं, तर उलटायला काही नसतं. मग ‘श’ सांगतो की करणारे पुष्कळ आहेत आणि सगळे तेच करत आहेत. ‘बेक्लेमेक’ हा अधला-मधला आहे. वाट कुणाची तरी पाहायची असते, पण ‘बेक्लेशमेक’ झालं की ते कर्म गळून पडतं आणि राहते फक्त ताटकळणारी माणसं. इस्तंबूलमधल्या कादिकोयच्या धक्क्यावर बोट यायची आहे: ‘इस्केलेदे योलजुलार बेक्लेशियोर.’ ते कशाची वाट पाहतायत हे वाक्य सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

मराठी माणसाला हे खरं तर लवकर कळायला हवं, कारण हाच भेद आपल्याकडे नामांमध्ये आहे. पळापळ, धावाधाव, रडारड एकीकडे. मारामारी, ढकलाढकली, खेचाखेची दुसरीकडे. पळापळीत कुणी कुणाला पळवत नाही, पुष्कळ जण पळतात. मारामारीत मात्र देणं-घेणं असतं. (शोधाशोध, आवराआवर असे शब्द तिसऱ्याच रांगेतले आहेत, तिकडे आत्ता जात नाही.) फरक एवढाच की आपल्याला नाम करून ‘पळापळ झाली’ म्हणावं लागतं, तर तुर्की माणूस तोच अर्थ एका क्रियापदात बसवतो: ‘काचिश्तिलार’.

पण ‘पुष्कळ जण मिळून’ एवढ्यावर थांबलात तर निम्मंच हाती लागेल. माझ्या मते या समूहवाचक ‘श’चा गाभा ‘मिळून’ हा नाहीच. क्रिया एक, वेळ एक, पण प्रत्येकाची दिशा, गती, लय आपापली, हा आहे. ‘मिळून’साठी तुर्कीत ‘बिरलिक्ते’ किंवा ‘बेराबेर’ आहे, आणि ते वेगळं चित्र काढतं. ‘चोजुक्लार पार्कता बिरलिक्ते कोश्तु’ म्हणजे मुलं बागेत बरोबर धावली. एका दिशेने, बहुधा ठरवून, एकमेकांच्या सोबतीने. ‘चोजुक्लार पार्कता कोशुश्तु’ म्हणजे मुलं बागभर धावत सुटली, एक इकडे, एक झोपाळ्याकडे, तिसरं उगाचच गोल गोल. शर्यतीतले धावपटू ‘कोशुशत’ नाहीत. कवायत करणारे सैनिक तर नाहीच नाही.

‘उचुशमाक’ घ्या. इस्तंबूलच्या बोटीमागे प्रवाशांनी भिरकावलेल्या सिमितच्या (तीळ लावलेल्या कड्यासारख्या पावाच्या) तुकड्यांसाठी सीगल घिरट्या घालतात, तिथे ‘मार्तिलार उचुशुयोर’ हेच वाक्य हवं. पण वसंतात आणि तिथला उन्हाळा सरताना करकोचे हजारोंनी बॉस्फरसवरून स्थलांतर करतात, ते ‘उचुशत’ नाहीत. ते एका दिशेने निघालेले असतात, म्हणून त्यांच्यासाठी ‘गेचमेक’ (ओलांडून जाणं) किंवा ‘स्युझ्युलमेक’ (तरंगत जाणं) वापरतात. उलट वाऱ्यावरची पानं, बर्फाचे कण, ठिणग्या, मेजावरून उडालेले कागद हे सगळे ‘उचुशतात’, कारण तिथे तीच विखुरलेली हालचाल आहे. भांडणाच्या वर्णनात मुठी हवेत ‘उचुशतात’, आणि वाटाघाटींच्या बातम्यांत आकडेसुद्धा. कर्ता सजीव असायची अट नाही. पुष्कळपणा आणि विस्कळीतपणा हवा.

प्रश्नासोबत तुम्ही दिलेलं वाक्य होतं: ‘याआमुर बाश्लायिन्जा इन्सानलार बिरलिक्ते काच्तिलार, कुश्लार बिरलिक्ते उच्तुलार’, म्हणजे पाऊस सुरू होताच लोक पळाले, पक्षी उडाले. व्याकरणात चूक फारशी नाही. पण ‘बिरलिक्ते काच्तिलार’ वाचून तुर्की वाचकाला कैदी संगनमताने पळाले किंवा प्रेमी जोडपं घरातून पळून गेलं असं काहीतरी वाटेल. पावसात उडालेल्या पळापळीसाठी तो लिहील: ‘याआमुर बाश्लायिन्जा हेरकेस काचिश्ती, कुश्लार उचुश्तु.’ शब्द कमी झाले आणि माणसं दिसायला लागली.

शिस्तीत वागणाऱ्या गर्दीचं उदाहरण तुर्कस्तानातलंच घेऊ या, म्हणजे दुसरी बाजूही स्पष्ट होईल. मुस्तफा केमाल आतातुर्क १० नोव्हेंबर १९३८ रोजी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी वारले. दरवर्षी त्या मिनिटाला देशभर भोंगे वाजतात, रस्त्यावरची माणसं जागच्या जागी उभी राहतात, गाड्या थांबतात. लाखो लोक एकच क्रिया एकाच क्षणी करतात. तरीही इथे ‘श’ येत नाही. ‘हेरकेस दुर्दु’, सगळे थांबले, एवढंच. विस्कळीतपणा नसेल तर हा ‘श’ लागत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. मशिदीतल्या नमाजाचंही तसंच. ‘जेमाअत साफ तुत्तु’, जमातीने रांग धरली; कर्ता समूहवाचक एकवचनी, क्रियापद साधं.

यात एक पाचर आहे. त्या १० नोव्हेंबरच्या उभं राहण्याला ‘सायगि दुरुशु’ म्हणतात, आणि तिथला ‘-उश’ पाहून विद्यार्थी चटकन म्हणतात, ‘हा बघा समूहाचा श!’ तो नाही. क्रियापदापासून नाम बनवणारा अगदी सारख्या रूपाचा दुसरा प्रत्यय आहे: ‘बाकिश’ म्हणजे नजर, ‘ग्युल्युश’ म्हणजे हसण्याची ढब, ‘उचुश’ म्हणजे उड्डाण, विमानाची फेरी. ‘उचुश्तु’ असं लिहिलेलं दिसलं तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात: ‘(पक्षी) भिरभिरले’ किंवा ‘ते एक उड्डाण होतं’. बोलताना आघात फरक करतो. पहिल्यात जोर शेवटच्या ‘तु’वर, दुसऱ्यात ‘चुश’वर, कारण ‘होतं’ सांगणारा शेवट आघात घेत नाही. लिखाणात मात्र संदर्भच बघावा लागतो.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. हा समूहवाचक ‘श’ वाटेल त्या धातूला लावता येत नाही. आजच्या तुर्कीत अशी क्रियापदं मोजकी आहेत आणि ती एकेक करून शिकावी लागतात. नियम कळल्याच्या आनंदात विद्यार्थी स्वतः रूपं पाडायला लागतात आणि भलतंच बोलून बसतात. ‘गेलमेक’ म्हणजे येणं; म्हणून सगळे आले यासाठी ‘गेलिश्तिलेर’ म्हणावं, तर त्याचा अर्थ होतो ‘त्यांचा विकास झाला’. ‘काल्कमाक’ म्हणजे उठणं, पण ‘काल्किशमाक’ म्हणजे नको त्या किंवा न झेपणाऱ्या गोष्टीत हात घालणं. ‘चिकमाक’ म्हणजे बाहेर पडणं, ‘चिकिशमाक’ म्हणजे खडसावणं. ‘गिरमेक’ आत जाणं, ‘गिरिशमेक’ एखादं काम हाती घेणं. ‘यातमाक’ आडवं होणं, ‘यातिशमाक’ शांत होणं, राग किंवा वादळ निवळणं. ‘दुरमाक’ उभं राहणं, आणि ‘दुरुश्मा’ म्हणजे कोर्टातली सुनावणी. ही सगळी जुन्या ‘श’चीच रूपं, पण त्यांचे अर्थ केव्हाच आपापल्या वाटेने गेले.

याच ठिकाणी तुर्कीच्या बहिणींकडे बघण्यासारखं आहे. किरगीझ भाषेत हाच प्रत्यय इतका वाढला की तृतीय पुरुषी अनेकवचनाची नेहमीची खूणच झाला. ‘अलार केलिश्ती’ म्हणजे सरळ ‘ते आले’. उझबेकमध्येही ‘उलार केलिश्दी’ चालतं. इस्तंबूलमध्ये तेच रूप ‘विकास झाला’ असं ऐकू येतं. प्रत्यय स्वतः फार जुना आहे. मंगोलियातल्या ओरखोन खोऱ्यातल्या आठव्या शतकातल्या शिलालेखांमध्ये लढाई करण्यासाठी जे क्रियापद येतं त्यात हा ‘श’ आहे, आणि ११व्या शतकात महमूद काशगरी यांनी आपल्या तुर्की-अरबी कोशात अशा क्रियापदांचा अर्थ देताना ‘एकमेकांना मदत करणं’ आणि ‘चढाओढ करणं’ या दोन छटा पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत. म्हणजे परस्पर, सहकार, चढाओढ, समूह हे सगळे अर्थ एका घरातले आहेत. तुर्कस्तानच्या तुर्कीने त्यातला परस्परांचा अर्थ ठसठशीत ठेवला आणि समूहाचा थोड्याच क्रियापदांपुरता.

त्या थोड्यांत दोन क्रियापदं अशी आहेत की ती आल्याशिवाय गर्दीचं वर्णन पुरं होत नाही. एक ‘दोलुशमाक’. ‘दोलमाक’ म्हणजे भरणं: ‘ओतोब्युस दोल्दु’, बस भरली. पण ‘योलजुलार ओतोब्युसे दोलुश्तु’ म्हणजे प्रवासी बसमध्ये घुसले, कोंबले गेले, मिळेल तिथे शिरले. कर्ता बस राहत नाही, माणसं होतात. दुसरं ‘युश्युशमेक’, म्हणजे एखाद्या गोष्टीवर चहूबाजूंनी तुटून पडणं. इस्तंबूलच्या एमिनोन्यु भागात येनी जामी मशिदीसमोर कबुतरांना दाणे टाकले की ‘ग्युवेरजिनलेर येमे युश्युश्त्यु’. मिठाईवर माश्या, सवलतीच्या दुकानात गिऱ्हाईक, अपघाताच्या जागी बघे, सगळे ‘युश्युशतात’. ज्याच्यावर तुटून पडायचं त्याला ‘-ए/-आ’ ही ‘कडे’ सांगणारी विभक्ती लागते, हे विसरू नका. शिवाय ‘इतिशिप काकिशमाक’ ही जोडी आहे, रेटारेटी-ढकलाढकलीसाठी, आणि ‘बारिशा चारिशा’, म्हणजे आरडाओरडा करत. या जोड्या जशाच्या तशा पाठ कराव्यात.

जिथे ‘श’चं रूप नाही तिथे काय करायचं? तुर्कीकडे त्यासाठी क्रियाविशेषणांचा मोठा साठा आहे आणि त्यात द्विरुक्ती आपल्यासारखीच भरपूर आहे. लोंढ्यांनी येणं म्हणजे ‘आकिन आकिन’ येणं. ‘स्युर्यु स्युर्यु’ म्हणजे कळपाकळपाने; माणसांसाठी वापरलं तर किंचित तुच्छता येते, जपून वापरा. ‘ओबेक ओबेक’ म्हणजे चौकात लोक पुंजक्या-पुंजक्यांनी उभे असतात तसं. एका सुरात ओरडणं किंवा गाणं असेल तर ‘हेप बिर आइझदान’, शब्दशः सगळे एका तोंडातून. इथे ‘बारिशमाक’शी फरक बघा. स्टेडियममध्ये समर्थक घोषणा देतात ते ‘हेप बिर आइझदान’. पंचाच्या निर्णयावर कल्लोळ उठतो तेव्हा ते ‘बारिशतात’. पहिल्यात शब्द ऐकू येतात, दुसऱ्यात नुसता आवाज. एकेक करून जाणं असेल तर ‘बिरेर बिरेर’ किंवा ‘तेकेर तेकेर’. आणि लोक रस्त्यावर उतरले यासाठी बातमीदार लिहितात ‘हाल्क सोकाक्लारा दोक्युल्द्यु’, जनता रस्त्यांवर ओतली गेली. शिस्तीच्या हालचालींसाठी ‘-इल’, ‘-इन’वाली रूपं येतात: ‘तोप्लानमाक’ जमणं, ‘दाइलमाक’ पांगणं, ‘दिझिलमेक’ ओळीत उभं राहणं.

राहिला ‘-लार’चा प्रश्न. मराठीत क्रियापद कर्त्याच्या मागे जातं: पक्षी उडाले, पानं उडाली. त्यामुळे आपण तुर्कीत प्रत्येक ठिकाणी ‘-लार/-लेर’ चिकटवतो, आणि आपलं परकेपण सगळ्यात आधी तिथेच उघडं पडतं. कर्ता वस्तू किंवा प्राणी असेल तर क्रियापद एकवचनीच ठेवा: ‘याप्राक्लार उचुश्तु’, ‘कुश्लार ओत्युश्त्यु’. परीकथेत पक्षी माणसासारखे बोलत असतील तर ‘-लेर’ लावतात, एरवी नाही. कर्ता माणसं असतील आणि वाक्यात दिसत असतील तर दोन्ही चालतं: ‘चोजुक्लार कोशुश्तु’, ‘चोजुक्लार कोशुश्तुलार’. पहिल्यात घोळका एक म्हणून दिसतो, दुसऱ्यात मुलं सुटी सुटी. हा फरक सूक्ष्म आहे आणि प्रत्येक लेखक तो पाळतोच असं नाही. कर्ता गाळला असेल तर मात्र ‘-लार’ हवाच, नाहीतर कोण धावलं ते कळणार नाही. ‘हेरकेस’ (प्रत्येक जण), ‘हाल्क’ (जनता), ‘कालाबालिक’ (गर्दी) यांच्यापुढे क्रियापद एकवचनी. आकडा आला की नामही एकवचनी होतं: ‘ओन चोजुक कोशुश्तु’, शब्दशः ‘दहा मूल धावलं’.

म्हणजे ‘कालाबालिक काचिश्ती’ या वाक्यात रूपाने कुठेही अनेकवचन नाही. गर्दी एकवचनी, क्रियापद एकवचनी, आणि तरी डोळ्यांसमोर दाही दिशांना पांगणारी माणसं येतात. ते सगळं काम त्या एका ‘श’ने केलेलं असतं. म्हणूनच ‘बिर मार्ति उचुश्तु’ (एक सीगल भिरभिरला) हे वाक्य तुर्की कानाला खटकतं. परस्परांच्या ‘श’ला मात्र एकवचनी कर्ता चालतो, जोडीदार ‘-ले’ने आला की झालं: ‘आयशे अलीय्ले बाकिश्ती’, आयशेची अलीशी नजरानजर झाली. तुर्क दिल कुरुमु या तुर्की भाषेच्या अधिकृत संस्थेच्या शब्दकोशात क्रियापदापुढे ते कोणत्या विभक्त्या घेतं याच्या खुणा दिलेल्या असतात. तिथे ‘-ले’ दिसलं तर ते क्रियापद परस्परांचं समजून एका जोडीदारासोबत वापरता येतं. ‘-ले’ नसेल आणि फक्त अकर्मक असल्याची खूण असेल, तर कर्ता पुष्कळ आहे ना एवढं तपासा.

एक अपवाद तुमच्या कानावर नक्की पडेल. ‘कोशुशमाक’ला प्रयोजकाचा ‘-तुर’ लागून ‘कोशुश्तुरमाक’ होतं, आणि ते एकटा माणूसही करतो: ‘ब्युत्युन ग्युन कोशुश्तुर्दुम’, दिवसभर माझी नुसती धावपळ झाली. रूप प्रयोजक असलं तरी इथे कुणी कुणाला धावायला लावत नाही. प्रत्ययांचा क्रम मात्र लक्षात ठेवा: धातू, मग ‘श’, मग प्रयोजक, मग कर्मणी, मग काळ, आणि ‘-लार’ शेवटाकडे. ‘तानिश-तिर-इल-दि-लार’, म्हणजे त्यांची ओळख करून देण्यात आली. ‘श’ नेहमी धातूला खेटून बसतो. लांबलचक तुर्की क्रियापद उलगडताना आधी काळ आणि ‘-लार’ सोडवा, मग मागे येत येत धातूपर्यंत पोचा. त्याच्या लगेच पुढे ‘श’ दिसला तर मूळ धातू शब्दकोशात बघा आणि स्वतःला विचारा, ही क्रिया कुणावर होते की नुसतीच होते.